नळीचं दुसरं तोंड

सिग्नलला गाडी उभी होती आणि माझ्या डाव्या गुडघ्यावर कुणीतरी श्वास सोडला. वारा म्हणत नाही, श्वास म्हणते आहे. त्या दोन्हींतला फरक कळायला फार शिकावं लागत नाही. वारा लागून राहतो. हा आला, थांबला, पुन्हा आला, घाईघाईचा आणि ओलसर, धावत जिना चढून आलेल्या लहान मुलाचा असतो तसा. गाडीत मी एकटी होते. काचा खाली होत्या, पण बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. बाबांच्या या म्हाताऱ्या गाडीत डॅशबोर्डखाली एसीचा पत्र्याचा डबा लटकतो. त्याला तीन फटींची जाळी आहे आणि ती बरोबर माझ्या गुडघ्यासमोर येते. पण त्या एसीच्या पंख्याची वायर बाबांनी स्वतःच्या हाताने कापली त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. मागच्या गाडीने हॉर्न वाजवून वाजवून जीव घेतला तेव्हा कुठे मला कळलं की सिग्नल सुटलाय. मी गियर टाकला आणि मनाशी म्हटलं, वय छप्पन्न, झोप अर्धवट, कातडीला काय वाटेल ते वाटतं. स्वतःची अशी समजूत घालण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

मी लोकांचे कान तपासते. इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर एक खोलीत खोली आहे, जाड दाराची, भिंतींना करड्या फोमचे उंचवटे असलेली. आत शिरलं की स्वतःच्या घशातला आवंढासुद्धा ऐकू येतो. माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, आवाज आला की दाबा. मग मी काचेच्या या बाजूला बसून एकेक बारीक सूर सोडते. पंचवीस वर्षं हे करून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. माणसं न वाजलेल्या आवाजालाही बटण दाबतात. लबाडीने नाही, घाबरून, कंटाळून, समोरच्याला बरं वाटावं म्हणून. त्या दिवशी एक निवृत्त मास्तर होते, त्यांनी सात वेळा रिकामं बटण दाबलं. मी दार उघडून आत गेले आणि नेहमीचं वाक्य म्हणायला लागले, "काका, नाही आला तर नाही दाबायचं. नाही म्हणण्यात काही चूक नाही." हे वाक्य मी हजारो वेळा म्हटलं असेल. त्या दिवशी ते अर्ध्यावरच तुटलं. मास्तर माझ्याकडे बघत राहिले आणि मग समजूतदारपणे म्हणाले, "असू दे, असू दे. तुमचाही दिवस मोठा असतो."

पुढच्या आठ दिवसांत तो श्वास चार वेळा आला. नेहमी गाडी थांबल्यावर, आणि नेहमी दोन छोटे, मग एक मोठा. चौथ्यांदा त्याच्या शेवटाला एक बारीक शिट्टी होती. कान ही माझी भाकरी आहे, आवाजाच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही, आणि ती शिट्टी मी ओळखली. मग मी गाडी सरळ मिस्त्रींकडे नेली.

मिस्त्री म्हणजे बाबांचेच मिस्त्री. एकटेच काम करतात, मदतनीस ठेवत नाहीत, कारण दुसऱ्याच्या हातचा नट त्यांना सैल वाटतो. त्यांनी बॉनेट उघडलं, टॉर्च आत घातला आणि जीभ टाळ्याला लावून च् च् केलं. इंजिनाच्या बाजूला, जिथे कधीकाळी एसीचा कॉम्प्रेसर होता तिथे, दोन नळ्या नुसत्याच वर तोंड करून होत्या. एक जाड, एक बारीक. "तुमच्या बाबांना मी वीस वर्षं सांगत होतो," मिस्त्री म्हणाले. "कॉम्प्रेसर काढलाय, पट्टा काढलाय, मग या उघड्या तोंडांचं काय करायचंय? नळ्या जातात आत डब्यापर्यंत, डब्यातली कॉइल आता कुजलेली असणार. इंजिनाची हवा घुसते आणि तुमच्या जाळीतून निघते. वारा नाही लागणार तर काय होईल?" मी विचारलं, "बाबा काय म्हणायचे?" "काय म्हणणार? राहू दे. बाकी गाडीचा स्क्रू न् स्क्रू माझ्याकडून आवळून घेतला. ही एवढी गोष्ट निघाली की, राहू दे." मग ते जरा गंभीर झाले. "पण ताई, हसण्यावारी नेऊ नका. आज वारा येतोय, उद्या धूर येईल. आईंना घेऊन फिरता तुम्ही. धुराने माणूस खोकत पण नाही, नुसतं गप्प होतं." त्यांनी खणातून दोन पितळी टोपणं काढून दाखवली, एक मोठं, एक अंगठ्याएवढं. दोन्ही तोंडांना आटे होते, म्हणजे अर्ध्या तासाचं काम. मी म्हटलं, शुक्रवारी येते. ते शुक्रवारी वाट बघत असणार हे माहीत असून मी त्या शुक्रवारी गेले नाही, आणि पुढच्याही नाही.

कारण त्या नळ्या बंद करायच्या आधी आतून साफ कराव्या लागणार होत्या, आणि बारीक नळीत काय आहे हे मला बघायचं नव्हतं. मी अकरा वर्षांची होते. धाकटा भाऊ सहाचा. त्याच्या छातीत सारखी बारीक शिट्टी वाजायची, म्हणून मी त्याचं नाव शिट्टी ठेवलं होतं. आई रागवायची, बाबा रागवायचे, आणि तो स्वतः मात्र त्या नावाला लगेच ओ द्यायचा. धूळ त्याला बाधायची. गाडीच्या काचा लावाव्यात तर उकाडा, उघडाव्यात तर धूळ, म्हणून बाबांनी ठरवलं की गाडीत एसी बसवायचा. तेही स्वतः. कुणाची तरी मोडीत निघालेली सगळी सामग्री त्यांनी आणली आणि एक अख्खी सुट्टी फाटकाशी गाडी उभी करून खपले. नळ्या जुन्या होत्या, आत कचरा असू शकतो, म्हणून जोडण्याआधी त्या तपासायची त्यांची एक पद्धत होती. मी गाडीत डॅशबोर्डखाली पाय दुमडून बसायचं, नळीच्या टोकाशी तळहात धरायचा. ते बॉनेटकडून दुसऱ्या तोंडाला ओठ लावून फुंकणार आणि विचारणार, "आला का?" जाड नळीतून त्यांचा श्वास आला, गरम, चहाचा वास असलेला, आणि मी म्हटलं, "आला." मग बारीक नळी. त्यांनी फुंकलं. काही आलं नाही. त्यांनी पुन्हा फुंकलं. माझ्या पायांना मुंग्या आल्या होत्या, फाटकाबाहेर दोरीवरच्या उड्या चालल्या होत्या आणि माझा नंबर जात होता. "आला का गं?" मी म्हटलं, "आला." बाबा म्हणाले, "शाबास." एवढंच झालं. एवढंच.

तो एसी पहिल्यापासून धड चालला नाही. थोडा वेळ गार हवा यायची, मग कोमट, मग नुसता पंख्याचा आवाज. बाबा म्हणायचे, बसेल, हळूहळू बसेल. महिन्याभराने आम्ही शिट्टीला गावाबाहेरच्या छातीच्या डॉक्टरांकडे नेत होतो. आई घरी होती. रस्ता खणून ठेवलेला, पुढे खडीचा ट्रक, धुळीने समोरचं दिसत नव्हतं. काचा घट्ट बंद. एसीने अर्ध्या वाटेत दम तोडला. बाबा मागे न बघता सांगत होते, "आत्ता गार होईल. दोन मिनिटं. आत्ता होईल." मागच्या सीटवर तो माझ्या शेजारी होता, पिवळ्या चौकड्यांचा शर्ट, वरचं बटण मी उघडून दिलेलं. शिट्टी जोरात वाजत होती, मग आणखी जोरात, आणि मग थांबली. मला वाटलं बरं वाटलं त्याला. मी आनंदाने सांगितलं, "बाबा, थांबली." बाबा म्हणाले, "बघ, लागला ना एसी." पुढे कितीतरी वर्षांनी, कामाचं शिकत असताना, एका व्याख्यानात कुणीतरी सहज सांगून गेलं की दम्याच्या छातीतली शिट्टी थांबली तर घाबरायचं असतं. मी वही मिटली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. त्यानंतर तो आवाज न येण्याचा आवाज माझ्या कानांतून कधी गेला नाही. मोठे डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते की वेळ आली होती, एसी चालता तरी फरक पडला नसता. आईने ते ऐकलं. बाबांनी ऐकून सोडून दिलं. मी ऐकलं आणि मनात म्हटलं, यांना बारीक नळीचं कुठे माहीत आहे?

मी कुणालाच सांगितलं नाही. बाबांनी कॉम्प्रेसर काढला, पंख्याची वायर कापली, पण गाडी विकली नाही. मरेपर्यंत ती काचा उघड्या टाकून चालवली. गेल्या वर्षी इस्पितळात, शेवटच्या आठवड्यात, नाकाला नळी लावलेली असताना त्यांनी एकदम डोळे उघडले आणि विचारलं, "त्या दिवशी आला होता ना गं?" काय आला होता, कुठल्या दिवशी, असं काही मी विचारलं नाही. खरं बोलायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. मी म्हटलं, "हो बाबा. आला होता." त्यांनी मान हलवली. पटल्यासारखी की हरल्यासारखी, ते मला कळलं नाही. एकाच खोट्याला मी दोनदा बटण दाबलं.

आईने तिसऱ्या आठवड्यात निकाल लावला. ती ऐंशीची आहे, कान माझ्याच खोलीत तपासलेले, उजवा जवळजवळ गेलेला. डॉक्टरकडून परतताना गाडीत ती एकदम जाळीकडे वाकून बघायला लागली. मी विचारलं, "काय गं?" म्हणाली, "काही नाही. पाय गार पडले." मग म्हणाली, "त्याचा पिवळा शर्ट त्यांनी दिलाच नाही बघ शेवटपर्यंत." हे नेहमीचंच होतं. शिट्टी गेला तेव्हा इस्पितळातून कपड्यांचं गाठोडं आलं त्यात चड्डी होती, मोजे होते, बूट होते, शर्ट नव्हता. त्या शर्टासाठी आईने वॉर्डातल्या सिस्टरशी भांडण काढलं, धुलाईखान्यात जाऊन आली, पुढे दोन वर्षं पत्रं लिहिली. बाबा तेव्हा उठून गाडी पुसायला जायचे. मी म्हटलं, "आई, ती नळी मी उद्या बंद करून घेते." तिला ऐकू गेलं नसावं. तिने पाय वर घेतले आणि त्यांच्यावर पदर ओढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्रींच्या शेडमध्ये लख्ख ऊन होतं. पत्रा तापला होता, ग्रीसचा वास येत होता, कोपऱ्यात रेडिओवर बातम्या चालल्या होत्या. घाबरावं असं तिथे काहीच नव्हतं. मिस्त्रींनी आतल्या डब्याचे नट सोडवले, दोन्ही नळ्यांची टोकं डॅशबोर्डखाली मोकळी केली. मग हात पुसत म्हणाले, "टोपण लावायच्या आधी नळी साफ पाहिजे. पाणी कोंडलं तर आतून खाईल. ताई, तुम्ही आत बसा, टोकाला हात धरा. मी तिकडून फुंकतो. तुमचे बाबा असंच करायचे, त्यांच्याकडूनच उचललंय मी." नाही म्हणायचं काही कारण सुचलं नाही. छप्पन्न वर्षांचे गुडघे दुमडून मी डॅशबोर्डखाली बसले. जाड नळीतून त्यांचा श्वास आला, तंबाखूचा, भरघोस. मी म्हटलं, "आला." मग बारीक नळीच्या टोकाशी तळहात धरला. या वेळी चूक करायची नव्हती. मी डोळे मिटले आणि माझ्या त्या फोमच्या खोलीत बसावं तशी नुसती वाट बघत राहिले. आणि तो आला. दोन छोटे, मग एक मोठा, ओलसर, तळहाताच्या बरोबर मधोमध. मी चांगली खात्री करून म्हटलं, "आला."

बॉनेटच्या मागून मिस्त्रींचं डोकं वर आलं. "काय आला? तोंड पुसतोय अजून. फुंकलंय कुठे मी?"

अंगावर काटा म्हणतात तो मानेपासून निघून पार टाचांपर्यंत गेला. मी हात काढला नाही. मिस्त्री वाकले, फुंकलं. काही नाही. पुन्हा फुंकलं, गाल फुगवून, खोकला येईपर्यंत. माझ्या तळहाताला टाचणीएवढा वारा लागला नाही. "चोंदलीय," मिस्त्री म्हणाले, "पार चोंदलीय." पंचेचाळीस वर्षं ज्याची वाट बघितली ते वाक्य इतक्या साध्या आवाजात येईल असं मला वाटलं नव्हतं. म्हणजे खरंच. म्हणजे मीच. मी गाडीतून उतरले आणि मडगार्डला धरून उभी राहिले. मिस्त्रींनी जाड तारेचं टोक वाकवून आकडा केला, बाहेरच्या तोंडातून आत सारला, हातभर गेल्यावर फिरवला आणि हळूहळू ओढू लागले. "कापड आहे," ते म्हणाले. "उंदराने नाही नेलेलं. कुणीतरी काठीने ठासून बसवलंय." ते कापड वीत वीत बाहेर आलं, तेलाने काळं, पिळलेलं, दोरीसारखं. मिस्त्रींनी ते बॉनेटच्या कडेवर उलगडलं. आतल्या घडीला तेल पोचलं नव्हतं. तिथे पिवळ्या चौकड्या होत्या. बाहीचा तुकडा होता तो, मनगटाचं छोटं बटण अजून टाक्यात.

तो शर्ट त्याच्या अंगावर होता. मी वरचं बटण काढून दिलं तेव्हा त्या दिवशी तो त्याच्या अंगावर होता. म्हणजे हे कापड त्या दिवसानंतरचं. आई धुलाईखान्यात हेलपाटे घालत होती तेव्हा बाबांनी हे इथे ठासलं होतं, आणि घरी येऊन चकार शब्द काढला नव्हता. का, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनाही सिग्नलला श्वास लागला असणार. गुडघ्यावर, दोन छोटे, एक मोठा. त्यांनी त्याच्याच शर्टाने ते तोंड बंद करून बघितलं, आणि तरीही तो येत राहिला, म्हणून राहू दे. चाळीसेक वर्षं ते त्याला शेजारी घेऊन गाडी चालवत राहिले, काचा उघड्या ठेवून. आणि मग एकदाच मला विचारलं. त्या दिवशी नळीत काय होतं, काही होतं की नव्हतं, ते आता कुणालाच कळणार नाही. पण मी तेव्हा इस्पितळात खरं बोलले असते तर त्यांना सोबत मिळाली असती, एवढं मला त्या मडगार्डाशी उभी असताना कळलं, आणि मला रडू आलं. मिस्त्रींनी ते बघितलं आणि रेडिओ बंद करायला उगाच कोपऱ्यात गेले.

परत येऊन म्हणाले, "झाली मोकळी. एकदा बघून घेऊ." मी पुन्हा आत बसले. त्यांनी फुंकलं. "आला का?" मी वाट बघितली. "नाही," मी म्हटलं. त्यांनी पुन्हा फुंकलं. "आला?" "नाही आला." हा शब्द इतका सोपा असेल असं वाटलं नव्हतं. मिस्त्री चक्रावले. "अहो, हवा जातेय की. मला लागतंय ना जाताना, अडत नाहीये कुठे. जातेय आणि येत नाही, म्हणजे काय? आत बसून कुणी पितंय की काय?" ते आपल्याच विनोदाला हसले, मग हसायचे थांबले.

मी म्हटलं, "मिस्त्री, तुम्ही आत बसा. मी फुंकते." ते नको नको म्हणत होते, तोंड काळं होईल, तेल जाईल पोटात. मी ऐकलं नाही. ते डॅशबोर्डखाली जाऊन बसले आणि मी बॉनेटखाली वाकून त्या बारीक तोंडाला ओठ लावले. पत्र्याची, जुन्या तेलाची, गंजाची चव आली. फुंकण्याआधी मी तोंड जरा मागे घेतलं आणि नळीत हळूच म्हटलं, "आला नव्हता रे. मी खोटं बोलले." आतून मिस्त्री ओरडले, "नाहीच आला! फुंका तरी आधी." मी फुंकलं. छातीत होतं तेवढं सगळं दिलं. जात होतं. कुठेही न अडता, तहानेल्याने घटाघटा प्यावं तसं जात होतं. मी विचारलं, "आला का?" "नाही, ताई." पुन्हा दिलं. "नाही." पुन्हा. किती वेळा ते मी मोजलं नाही. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, कानांत रक्त वाजायला लागलं, आणि एकदा मी तोंड काढायच्या आधी ओठांना उलटा वारा लागला, खोल, लांब, अजिबात घाई नसलेला. त्यात शिट्टी नव्हती.

मी बॉनेटला टेकून धापा टाकत होते. मग मिस्त्री म्हणाले, "आला." त्यांचा आवाज बदलला होता.

"खरंच आला?" मी विचारलं. "की मी दमले म्हणून म्हणताय?"

मिस्त्री गाडीतून बाहेर आले. उजवा तळहात त्यांनी अजून तसाच समोर धरला होता, भरलेली वाटी सांडू नये म्हणून धरतात तसा, आणि त्याच्याकडेच बघत होते. "खोटं कशाला बोलू, ताई?" ते म्हणाले.

मी त्यांच्या दुसऱ्या हातातून छोटं टोपण घेतलं, आट्यांवर बसवलं आणि स्वतःच आवळलं, पुढे फिरेना तोवर. मग त्या बाहीच्या तुकड्याची घडी घातली आणि आईला द्यायला पर्समध्ये ठेवली.